पेशींच्या वार्धक्याचे संशोधन: निर्णयाआधी एक उन्हाळा प्रयोगशाळेत

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते, शरीराच्या ऊतींमधील पेशी म्हाताऱ्या कशा होतात याचेच संशोधन करण्याचा तिचा हट्ट आहे, आणि त्यापेक्षा बी.एड. करून नोकरी पाहणे बरे नाही का, असे आपण विचारले आहे. आपली काळजी रास्त आहे. तरीही पगाराकडे वळण्याआधी हे काम कसले आहे ते सांगतो, कारण माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा.

फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले की, काचपात्रात वाढवलेल्या निरोगी मानवी पेशी सुमारे ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. थांबलेल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या ऊतीतच राहून दाह वाढवणारी द्रव्ये आजूबाजूला सोडत राहतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये अकाली वार्धक्य येणाऱ्या उंदरांमधून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा स्नायूंची झीज आणि मोतीबिंदू लांबणीवर पडले. पुढे मात्र असेही दिसले की जखम भरून येण्यासाठी याच पेशींची मदत होते. त्यामुळे कोणत्या ऊतीतून त्या केव्हा काढाव्यात आणि केव्हा राहू द्याव्यात, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिच्या पिढीला करण्यासारखे खरे काम येथे आहे, असे मला मनापासून वाटते.

पण ते संथ आहे. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, त्यात दिवाळीची सुट्टी नसते. बुरशी लागली की आठवड्यांची मेहनत वाया जाते. आणि उंदीर म्हातारा होईपर्यंत दोन वर्षे जातात. हे सोसून पुन्हा उत्साहाने पात्र हातात घेणारी मुलेच येथे टिकतात, आणि परीक्षेतील गुणांवरून ते कळत नाही. म्हणून पहिला सल्ला हा की, तिने एक उन्हाळा प्रयोगशाळेत घालवावा. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांनाही मिळते. शिवाय पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथील शास्त्रज्ञांना थेट पत्र लिहिता येते.

त्यानंतरही ओढ कायम राहिली, तर एम.एस्सी.ची दोन आणि पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे धरावीत. एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी, आणि पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट या परीक्षा आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, त्यामुळे त्या काळात खर्चाचा मोठा भार आपल्यावर पडणार नाही. पीएच.डी.नंतरच्या कायम जागा मात्र थोड्या आहेत आणि बहुतेकांना त्याआधी काही वर्षे तात्पुरत्या पदांवर काढावी लागतात, हे तिने आजच जाणून घ्यावे.

मध्येच वाट बदलावी लागली, तरी शिकलेले हात रिकामे राहत नाहीत. रुबेलाची लस मानवी पेशींच्या संवर्धनातच वाढवली जाते, आणि पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. पेशी संवर्धन नीट येणाऱ्या माणसाची गरज लस आणि जैविक औषधांच्या उद्योगाला नेहमीच असते. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते, म्हणून ते आजच घेण्याची घाई नको.

या वर्षी तिने संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग अवश्य शिकावे. शास्त्रज्ञांना लिहिताना एकच मजकूर सर्वांना पाठवू नये. ज्यांना लिहायचे त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातील न समजलेला भाग विचारावा. पत्र तिचे तिनेच लिहावे, आपण लिहून देऊ नये.