दादाच्या सवलतीत माझं तिकीट निघेल का?

प्रश्न : माझा मोठा भाऊ आर्मीत कॅप्टन आहे. गणपतीला तो येतोय आणि आम्ही दोघं मिळून आईकडे जाणार आहोत. शेजारच्या काकू म्हणाल्या, मिलिटरीवाल्यांना रेल्वे फुकट असते, त्यालाच सांग की तुझं पण तिकीट काढायला. दादाला विचारलं तर नुसता हसला. खरं काय आहे? (माझं लग्न झालंय, दोन मुलं आहेत.)

उत्तर : दादा हसला ते बरोबरच आहे गं. काकूंनी तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात.

पहिली म्हणजे वॉरंट. बदली, ड्युटी किंवा ठरावीक रजेचा प्रवास असला की सगळं भाडं सरकार भरतं, काकू "फुकट" म्हणतात ते हेच. दुसरा फॉर्म डी, सवलत म्हणतात ती ही. यात ऑफिसर ४० टक्के भरतो आणि बाकीचे ६० संरक्षण खातं, म्हणजे भाडं २००० धरलं तर त्याच्या खिशातून ८०० जातात. पण हेही वाट्टेल तेवढ्या वेळा नाही, वर्षाला एकेरी सहा प्रवास. म्हणजे जाऊन-येऊन तीन फेऱ्या झाल्या की संपलं! पूर्वी युनिटमधून सही-शिक्क्याचा कागद घेऊन खिडकीवर उभं राहायचं, आता बरंचसं डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवर ऑनलाइन होतं.

तिसरी गोष्ट डिफेन्स कोटा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कोट्यातून बर्थ मिळतो, भाड्यात एक रुपया कमी होत नाही. मोठ्या स्टेशनवर एमसीओ म्हणून मिलिटरीचं ऑफिस असतं, तिकीट वेटिंगला असलं की मंडळी तिथे चकरा मारतात ती या कोट्यासाठी.

यातली फॉर्म डीची सवलत ऑफिसर आणि त्याच्या कुटुंबाला असते, आणि लग्न झालेली बहीण त्या कुटुंबात धरत नाहीत, वाईट वाटलं तरी. वहिनीच्या नावावर बसून बघू वगैरे कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नकोस, टीसीने ओळखपत्र मागितलं की विनातिकीट धरून पूर्ण भाडं आणि वर दंड, शिवाय दादाला युनिटमध्ये उत्तरं द्यावी लागतील ते वेगळंच.

शौर्य पदकवाल्यांचं मात्र निराळं. परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंत ज्यांना मिळालंय त्यांना रेल्वेचा मोफत पास असतो आणि त्यावर सोबतीला एक माणूस चालतो.

तू आपलं साधं तिकीट काढ. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीची गाडी सकाळी काही मिनिटांत भरते, त्यामुळे दादाची रजा मंजूर होईपर्यंत थांबू नकोस. डबे वेगळे पडले तर पडले, मुलं मामाकडे पळतीलच.