राजदूत १७५ : आधी आरसी, मग पाना

भाऊ, काकांची जुनी राजदूत मोटरसायकल मिळाली आणि ती पुन्हा चालती करायचीय म्हणता? नशीब काढलंत! पण लगेच सगळी खोलून बसू नका. मी खोलली होती. नट-बोल्टांचा डबा आणि मी दोन वर्षं एकमेकांकडे बघत होतो.

आधी गंज पुसून इंजिन आणि चॅसी नंबर आरसीशी (गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी) पडताळा. दुसरं इंजिन बसवायचं डोक्यात असेल तर विकत घेण्याआधी नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत विचारा. परवानगीशिवाय ते चालत नाही. मूळचं १७३ सीसी टू-स्ट्रोक सहसा वाचतं. बोअर करून (सिलिंडर आतून थोडा मोठा कापून) ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, बस.

नवखे हमखास चुकतात ते इथे :
- क्रँकचे (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे) रबरी ऑइल सील तेच ठेवणं. उभ्या गाडीत ते कडक होतात, तिथून हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आणि नवाकोरा पिस्टन जाम. सीलची कड नखानं दाबा. टणक लागली की फेकून द्या.
- टाकीतला गंज न काढता पेट्रोल भरणं.
- पेट्रोलमध्ये टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालायला विसरणं. (हसू नका, होतं.)

रंग आणि क्रोम? गाडी पांडवलेणीपर्यंत जाऊन परत आली की बघू.