लॅब्रेडॉर की बीगल? आधी घरात कोण असतं ते बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कुत्रा लॅब्रेडॉर घ्यायचा की बीगल, यावरून घरात दोन तट पडलेत आणि दोन्ही बाजू फोटो दाखवून भांडताहेत, असं दिसतंय. दोन्ही जाती माणसाळू, मुलांत रमणाऱ्या. त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. मला महत्त्वाच्या वाटल्या त्या तू जाता जाता लिहिलेल्या गोष्टी: आई-बाबा नऊला बाहेर पडतात, धाकटा भाऊ सहा वर्षांचा आहे आणि दिवसभर घरी फक्त आजी असतात, त्यांचे गुडघे दुखतात. निर्णय यावरून व्हायला हवा.

पूर्ण वाढलेला लॅब्रेडॉर नर २९ ते ३६ किलोंचा, मादी २५ ते ३२. बीगल साधारण ९ ते ११. हा फरक पट्टा हातात धरल्यावर कळतो. लॅब आठ-नऊ महिन्यांत अंगानं जवळजवळ पुरता वाढतो, पण शहाणपण यायला दोन-अडीच वर्षं लागतात. मधल्या काळात समोर मांजर दिसलं की तो हिसका देतो आणि पट्टा धरलेलं म्हातारं माणूस पडतं. रोज शिकवलं तर ही सवय मोडते: पट्टा ताणला की जागच्या जागी थांबायचं, सैल झाला की पुढे निघायचं. पण घरातल्या प्रत्येकानं हे पाळावं लागतं. एकानं ओढत नेऊ दिलं की महिन्याची मेहनत वाया.

बीगलचं दुखणं वेगळं. ही टोळीनं सशाचा माग काढणारी जात. नाक जमिनीला लागलं की कान बंद. म्हणून मोकळ्या जागी त्याला कधीही सोडू नकोस. पाच-दहा मीटरची लांब दोरी लाव. आणि टोळीतला कुत्रा एकटा पडला की मान वर करून लांब हेल काढतो. बंद फ्लॅटमधून तो आवाज चार मजले जातो आणि सोसायटीत तक्रारी सुरू होतात. ओरडून काही उपयोग नाही, कारण त्याच्या लेखी तुम्हीही सूर मिळवताय. दोन मिनिटं बाहेर जायचं, मग पाच, मग पंधरा, अशी सवय लावावी लागते. दिवसाचे आठ तास घर रिकामं असतं तर बीगलचा विचारच करू नकोस, असं मी लिहिलं असतं. तुमच्याकडे आजी आहेत, म्हणून तो विचार करता येतो.

आता खाणं. बहुतेक घरं इथेच चुकतात. ३० किलोच्या लॅबला दिवसाला साधारण १,४०० कॅलरी लागतात, १० किलोच्या बीगलला सव्वासहाशेच्या आसपास. कोरड्या खाद्यात हे जवळपास ४०० आणि १७५ ग्रॅम, दोन वेळांत विभागून. वाटीच्या अंदाजानं देऊ नकोस, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोज. तूप लावलेली एक पोळी सव्वाशे कॅलरींच्या घरात जाते, म्हणजे बीगलच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा. आजींनी मायेनं दोन पोळ्या घातल्या आणि वर खाद्यही पूर्ण दिलं, की वर्षभरात त्याची कंबर नाहीशी होते. लॅबही यात कमी नाही. अनेक लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांची भूक भागतच नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. तेव्हा 'त्याला भूक लागलीय' यावर विश्वास ठेवू नकोस, हातावर ठेव. बरगड्यांवरून तळवा फिरवला की प्रत्येक बरगडी बोटांना लागली पाहिजे, डोळ्यांना मात्र उठून दिसता कामा नये. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, कांदा-लसूण आणि चॉकलेट दोघांनाही विषारी.

लॅबच्या खुब्याच्या सांध्याकडे लक्ष हवं. वाढीच्या वयात हा सांधा सैल राहण्याचा आनुवंशिक दोष या जातीत बराच आढळतो आणि आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स तो वाढवतात. पिल्लाचे मागचे पाय दोन बाजूंना घसरत असतील तर धावायच्या वाटेवर रबरी मॅट टाक, नखं वेळेवर काप. आणि 'हाडं मजबूत होतील' म्हणून कॅल्शियमचं सिरप देऊ नकोस. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खास खाद्य चालू असेल तर त्यात ते पुरेसं असतं; वरून दिलेल्या जादा कॅल्शियमनं हाडांची वाढच बिघडते.

बीगलचे लोंबते कान पावसाळ्यात दमट राहतात. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणानं साफ करायचे, आत काडी घालायची नाही. आंबूस वास आला किंवा तो सारखी मान झटकू लागला तर लगेच दाखव. केस दोघांचेही गळतात, लॅबचे जास्त. गोचिडीचा ताप दोघांनाही होतो. त्यावरचं औषध वजनावर मोजलं जातं, त्यामुळे लॅबचा खर्च कायम वरचढ.

माझं मत विचारशील तर तुमच्या घरी बीगल. दुपारी आजी त्याला खाली नेऊ शकतील, लॅबला नाही. अट एकच: सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास फिरवणं तुझ्याकडे, आणि त्यात वास घेत रेंगाळायला त्याला वेळ द्यायचा. आजी वर्षातले तीन-चार महिने गावी जाणार असतील तर मात्र हे गणित फिरतं. मग तीन वर्षांची, शिकवलेली, शांत लॅब मादी दत्तक घे. अशा कुत्र्यांना घरं हवीच असतात.

पिल्लूच घेणार असशील तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नकोस; कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार तसं विकताच येत नाही. त्याची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ती भेदरून कोपऱ्यात बसत असेल तर परत ये. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत नाही. म्हणून लॅब असेल तर आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे माग आणि बीगल असेल तर त्यांना कधी फिट आली होती का ते विचार, कारण हा आजार पिल्लाच्या वयात सहसा दिसत नाही. लसीकरणाच्या वहीत लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं आणि डॉक्टरांची सही असली पाहिजे; नुसत्या तारखा पुरत नाहीत.

आजींना गावी जाण्याबद्दल विचारून मला कळव. कुठे बघायचं ते त्यानंतर ठरवू.