वाढपी नेमताना काय पाहावे?

प्रश्न : कोल्हापुरात आम्ही 40 जणांची बैठक असलेली खानावळ सुरू करत आहोत. वेटर निवडताना अनुभवाला किती महत्त्व द्यावे?

उत्तर : अनुभवापेक्षा नजर महत्त्वाची, असे माझे ठाम मत आहे, कारण ताटातला तांबडा रस्सा संपत आला आहे हे गिऱ्हाइकाने हाक मारण्याआधी ज्याच्या लक्षात येते, त्याला बाकीचे काम थोड्या दिवसांत शिकवता येते. म्हणून केवळ मुलाखतीवर न थांबता दुपारच्या गर्दीत एक दिवस काम देऊन पाहावे आणि त्या दिवसाची मजुरी अवश्य द्यावी. वयाचा पुरावा मागावा, कारण 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे गुन्हा आहे. अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणीही आवश्यक आहे. टीपची वाटणी कशी होणार, हे मात्र नेमणुकीच्या वेळीच स्पष्ट सांगावे.