पैठणीची काळी पडलेली जर आणि लेझर

आजीच्या पैठणीचा काळवंडलेला पदर गावातल्या वर्कशॉपमधल्या गंज काढायच्या लेझर मशीनने साफ होईल का, हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. कृपा करून तिथे नेऊ नका. मी संवर्धक नाही. घरच्या जुन्या जरीच्या शेल्यापायी जे शिकावं लागलं तेवढंच सांगतेय.

संग्रहालयातला लेझर वेगळा असतो. नॅनोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागापुरते, कमी ऊर्जेचे झोत, तेही सूक्ष्मदर्शकाखाली बघत बघत. काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा, म्हणजे चांदी आणि गंधकाच्या संयुगाचा असतो. तो प्रकाश शोषून तापतो आणि सुटतो, खालची चांदी बराचसा प्रकाश परतवते. पण खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. चांदी वितळते ९६१ अंश सेल्सिअसला, रेशीम त्याच्या कितीतरी आधी करपतं. शिवाय काळेपणा मुलाम्याच्या छिद्रांतून वर येऊन सोन्यावरच पसरलेला असतो, तो उडवताना सोनंही जाऊ शकतं. हिरवट डाग असतील तर तांबं आहे, त्याचं वागणं आणखी निराळं.

म्हणून आधी धातू तपासून घ्या. माझं खरं नुकसान इथेच झालं. एका कार्यालयात (नाव घेत नाही) क्ष-किरण तपासणीसाठी शेला दिला. मालकीचा पुरावा आणा, साहेब रजेवर आहेत, फाइल वर गेलीय, असं करत पावसाळा सरला. तपासणी झालीच नाही. शेला परत मिळाला तो गुंडाळीला रबरबँड लावून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेला. रबरात गंधक असतं. जिथे जिथे ते टेकलं तिथे काठावर काळेभोर पट्टे उमटले. चार पिढ्या ट्रंकेत नीट राहिलेली वस्तू हो! जतन करणं हेच ज्यांचं काम, त्यांना एवढं कळू नये याचा संताप अजून जात नाही. तेव्हा वस्तू कुणाच्याही ताब्यात देताना फोटो काढा, ती कशात ठेवणार ते लेखी घ्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करून बघा.

माझं मत विचाराल तर घरची पैठणी काळी राहिली तरी चालेल, तिला लेझर नको. चिंच, लिंबू, चांदी उजळायचं द्रावण तर मुळीच नको. आम्ल रेशमात मुरतं आणि धागा कुजतो. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवा. आणि शेजारी लोकरीची शाल ठेवू नका, लोकरीतही गंधक असतं.