ब्रश लागला? आधी तूच सांग
कर्लिंगच्या क्लबात नवा आहेस म्हणून सांगतो. स्वीप करताना, म्हणजे सरकत्या दगडापुढचा बर्फ घासताना, तुझा ब्रश आपल्याच टीमच्या सरकत्या दगडाला लागला की तो 'बर्न' झाला. कोणी पाहिलं का, हे शोधत बसू नकोस. तिथल्या तिथे मोठ्याने सांग. बर्फाच्या दोन्ही टोकांकडे एकेक आडवी रेषा असते, ती हॉग लाइन. पलीकडच्या हॉग लाइनच्या अलीकडे लागला असेल तर आपणच तो लगेच बाजूला काढायचा. लाइन ओलांडल्यावर लागला तर मात्र हात लावायचा नाही; सगळे दगड थांबले की काय करायचं ते समोरची टीम ठरवते. नवखे इथेच गडबडतात. पहिल्या मोसमात मीही घाबरून पायाने दगड अडवला होता. समोरचा स्किप (कप्तान) नुसता हसला, तेच जास्त लागलं!

दगड टाकताना आपल्या बाजूच्या हॉग लाइनच्या आधी हँडल सोड. उशीर झाला तर मोठ्या स्पर्धांत हँडलमधला सेन्सर लाल दिवा दाखवतो. आपल्याकडे ना सेन्सर, ना पंच.

समोरच्याचा दगड चुकला तर टाळ्या नकोत. सामना हातचा गेलाच असेल तर हातमोजा काढून हात पुढे कर, त्यात कमीपणा नाही. आणि जिंकलास तर पहिली बीअर तुझ्याकडून. कॉफीही चालते.