केस काढायचे राहिले म्हणून तपासणी राहिली

ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या आणि महापेला नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका बाईंची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्रास मात्र तसाच ठेवला आहे, कारण तो एकट्या त्यांचा नाही.

त्यांच्या अंगावरून बरेच दिवस पांढरं जात होतं, खाजही होती. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ त्यांनी दोनदा घेतली आणि दोनदा रद्द केली. समुपदेशक म्हणून आम्ही कारण विचारलं तेव्हा आधी मुलाची परीक्षा, मग ऑफिसातलं ऑडिट असं काहीबाही सांगत राहिल्या. शेवटी खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, खालचे केस काढलेले नसतात. तसं कसं जायचं डॉक्टरांसमोर? आणि काढले की आठवडाभर धड चालता येत नाही."

आतल्या तपासणीसाठी केस काढावे लागत नाहीत, हे त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं उपकरण योनीत घालून गर्भाशयाचं तोंड बघतात, स्रावाचा नमुना घेतात. बाहेरच्या केसांची त्यात काही अडचण होत नाही. उलट आदल्या रात्री घाईघाईने रेझर फिरवून गेलं, तर मूळचा आजार कोणता आणि ब्लेडमुळे झालेला दाह कोणता हे ओळखणं अवघड होऊन बसतं. तयारी करायची ती वेगळीच: तपासणीआधी ४८ तास संबंध, योनी आतून धुणं आणि योनीत ठेवायची औषधं टाळायची. औषध डॉक्टरांनीच दिलेलं असेल तर आधी त्यांना विचारायचं. पाळी जोरात चालू असेल तर दिवस पुढे ढकलायचा. बाकी साधी अंघोळ पुरते.

बाळंतपणाआधी केस सरसकट काढू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत म्हटलेलं आहे. शस्त्रक्रियेबद्दलच्या २०१६ च्या शिफारशी तर आणखी कडक आहेत: केस काढू नका, काढणं भागच असेल तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने कापा, ब्लेडने भादरू नका. ब्लेडमुळे कातडीवर बारीक चिरा पडतात आणि त्यांतून जंतूंना वाट मिळते. ऑपरेशन थिएटरमध्ये जी काळजी घेतात, ती घरच्या बाथरूममध्ये घ्यायला काहीच हरकत नाही.

"पण केस ठेवले तर घाण राहते ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. नाही राहत. त्या जागचे केस कातडीला कातडी घासू देत नाहीत. वास येतो तो घामावर वाढणाऱ्या जंतूंमुळे, आणि त्याला रोज साध्या पाण्याने बाहेरचा भाग धुणं, कोरडा करणं आणि सुती आतले कपडे एवढं पुरतं. साबण लावायचाच असेल तर सौम्य, बिनवासाचा आणि फक्त बाहेरून. तरीही पाळीत पॅडला केस चिकटतात, मे महिन्यात घामाने चिकचिक होते, किंवा नुसतं बरं वाटतं म्हणून केस कमी करावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. फक्त ती आपली सोय आहे, आरोग्याची अट नव्हे, हे एकदा पक्कं झालं की पद्धत निवडणं सोपं जातं. मग 'सगळ्यात गुळगुळीत काय' असं न विचारता 'सगळ्यात कमी त्रासाचं काय' असं विचारता येतं.

त्यांच्या घरी काय चालायचं ते बारकाईने विचारलं. अंघोळीला गेल्या की उभ्या उभ्याच, अंगाच्या साबणाचा फेस लावून, नवऱ्याचं वापरलेलं रेझर. एका हाताने कातडी वर ओढून धरायची आणि रेझर खालून वर, केसांच्या उलट दिशेने, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवायचं. मग लगेच घट्ट लेगिंग्ज घालून ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, घणसोलीहून रिक्षा, आणि दिवसभर खुर्ची. तिसऱ्या दिवशी काट्यासारखं टोचायला लागायचं आणि जांघेच्या कडेला दोन-तीन केसतोड ठरलेले.

यातली जवळपास प्रत्येक पायरी केसतोडाला आमंत्रण देणारी आहे. तिथले केस जाड आणि वळणदार असतात, कातडीतून तिरके बाहेर येतात. कातडी ताणून उलट दिशेने ब्लेड चालवलं की केस पृष्ठभागाच्याही खाली कापला जातो आणि त्याला तिरकं, अणकुचीदार टोक येतं. हात सोडला की कातडी जागेवर येते आणि ते टोक आत राहतं. पुढे केस वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत किंवा वळून पुन्हा कातडीत घुसतो. शरीर त्याच्याशी परकी वस्तू शिरल्यासारखं वागतं: लाली, सूज, पू. त्यात बोथट ब्लेडच्या चिरा, घाम आणि घट्ट कपड्याचं घासणं. दुसऱ्याचं रेझर वापरण्यात तर आणखी धोका आहे. त्यावरच्या न दिसणाऱ्या रक्तातून हिपॅटायटिस बी सारखे आजार पसरू शकतात. नवरा-बायकोतसुद्धा रेझर वेगवेगळं हवं.

रेझर नको म्हणून त्यांनी केस काढायचं क्रीम आणलं होतं. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलेली असताना 'नीट निघू देत' म्हणून पंधरा मिनिटं ठेवलं. ते ओघळून आतल्या नाजूक भागाला लागलं आणि दोन दिवस लघवीला बसताना डोळ्यांत पाणी आलं. या क्रीममध्ये बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडतं. आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच असल्यामुळे वेळ वाढला की क्रीम केसावरून कातडीवर येतं. योनीच्या ओठांच्या आतल्या ओलसर भागाला आणि गुदद्वाराजवळ ते लावायचंच नसतं. ज्यांना क्रीमच हवं असेल त्यांनी त्या जागेसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं घ्यावं, आधी मांडीच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास वाट बघावी, आणि पाकिटावरची वेळ घड्याळ लावून पाळावी. आग झाली तर क्रीम ओल्या फडक्याने हलकेच पुसून साध्या गार पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचं. टूथपेस्ट, लिंबू, हळद यांतलं काही लावायचं नाही. फोड आले किंवा लघवीला त्रास झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

पार्लरमधल्या वॅक्सबद्दलही त्यांनी विचारलं. लाजेपेक्षा वेदनेचीच भीती जास्त होती. वॅक्सला केस साधारण तांदळाच्या दाण्याएवढे, पाच-सहा मिलिमीटर वाढलेले लागतात. त्याहून आखूड असले तर मुळापासून न निघता मध्येच तुटतात आणि पुन्हा तोच आत वळण्याचा त्रास. पट्टीने ओढायच्या वॅक्सपेक्षा थंड झाल्यावर थराने निघणारं घट्ट वॅक्स या जागेला बरं, कारण ते कातडीला कमी चिकटतं. एकदा अंगाला लावलेली काडी पुन्हा भांड्यात बुडवतात का, हे डोळ्यांनी बघावं आणि बुडवत असतील तर उठून यावं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा थांबवून सहा महिने झाले नसतील तर वॅक्स नको, कातडी सोलवटून निघते. रक्त पातळ करणारी गोळी असेल किंवा साखर ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

लेझरचं थोडक्यात सांगितलं. आपल्या सावळ्या कातडीला चालेल असं यंत्र (१०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग किंवा योग्य सेटिंगचं डायोड) आणि ते समजून वापरणारे त्वचारोगतज्ज्ञ हवेत. साधारण सहा ते आठ बैठका लागतात, मध्ये चार-सहा आठवड्यांचं अंतर. केस बरेच कमी होतात, पण 'कायमचे जातात' ही जाहिरात आहे. पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. गरोदरपणात करत नाहीत. ज्यांना केसतोड काही केल्या सोडत नाहीत त्यांनी खर्चाचा विचार करून जरूर बघावं.

या बाईंना आम्ही सुचवलं ते ट्रिमर. आमचं स्पष्ट मत आहे की घरी करायच्या पद्धतींत या जागेसाठी सगळ्यात आरामाची हीच. ब्लेड कातडीपर्यंत पोचतच नाही, केस कातडीच्या वर राहतो, त्यामुळे तो आत वळायचा प्रश्न येत नाही. ट्रिमर स्वतःचा, वेगळा, आणि गार्ड (ब्लेड कातडीपासून दूर ठेवणारा कंगव्यासारखा भाग) लावलेला हवा. सुरुवातीला पाच-सहा मिलिमीटरचा गार्ड, सवय झाली की तीन. केस कोरडे असताना, अंघोळीच्या आधी, स्टुलावर किंवा कमोडच्या झाकणावर बसून, समोर छोटा आरसा ठेवून. उभ्याने नको. ओल्या फरशीवर तोल जातो आणि हात थरथरतो. केस फार लांब असतील तर आधी बोथट टोकाच्या कात्रीने, कंगवा मध्ये धरून कापायचे, म्हणजे कात्री आणि कातडी यांच्यात कंगवा राहतो. ओठांच्या घडीजवळ दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी हलकेच सपाट करायची, ताणायची नाही, आणि तिथे गार्ड कधीही काढायचा नाही. जखमा होतात त्या बहुतेक 'एवढंच राहिलंय' म्हणून गार्ड काढल्यावर. आतल्या ओलसर भागाला काही लावायचंच नाही. झाल्यावर अंघोळ, टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडा. ट्रिमरचं डोकं ब्रशने झटकून स्पिरिटने पुसायचं आणि बाथरूमच्या दमटपणात न ठेवता कपाटात ठेवायचं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा.

"आणि कधी अगदी साफच हवं असलं तर?" असं त्यांनी जरा संकोचून विचारलं. तर रेझरही चालतं, रीत बदलून. आधी ट्रिमरने आखूड करायचे. कोमट पाण्याने चार-पाच मिनिटं मऊ होऊ द्यायचे. साबणाऐवजी बिनवासाचं शेव्हिंग जेल. नवं किंवा एक-दोनदाच वापरलेलं ब्लेड, केस वाढतात त्याच दिशेने, लहान लहान फटके, प्रत्येक फटक्यानंतर ब्लेड धुवायचं, आणि एका जागेवरून एकदाच. हाताला थोडं खरखरीत लागेल, ते लागू द्यायचं. वेळ रात्रीची निवडायची, म्हणजे सकाळच्या प्रवासाआधी कातडीला सात-आठ तास मिळतात. नंतर अत्तर, पावडर, डिओ काही नाही, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे.

त्या दिवशी त्यांना केसतोड होतेच. ते बरे होईपर्यंत कोणतीच पद्धत नको, असं ठरलं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. केसतोड पिळायचा नाही, सुईने केस उकरायचा नाही. ताप आला, लाली पसरत गेली, गाठ मोठी झाली किंवा मधुमेह असला तर घरी वाट न बघता डॉक्टरांकडे.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. खाज फक्त केसतोडांच्या जागी नव्हती. जांघेच्या घडीत गोलसर, कडा लाल असलेला चट्टा होता आणि त्यासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटून तो आणखी पसरायचा. ट्यूब पर्समध्येच होती. तिच्यावर क्लोबेटासॉल लिहिलेलं होतं, म्हणजे तीव्र स्टेरॉइड, सोबत बुरशीवरचं आणि जंतूंवरचं औषध. अशा मिश्रणाने खाज दबते आणि नायटा मात्र आतून फोफावतो, शिवाय जांघेची कातडी पातळ होते. नायट्याचं निदान करणं हे समुपदेशकाचं काम नव्हे, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडेही जायला सांगितलं आणि ती ट्यूब न विसरता दाखवायला सांगितली. घरात आणखी कुणाला खाज आहे का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांना आहे ना, पावसाळ्यापासून. ते हीच ट्यूब लावतात."

केस न काढताच त्या तपासणीला गेल्या. योनीत बुरशीचा संसर्ग निघाला, जांघेत नायटा. केसांचा दोन्हींशी काही संबंध नव्हता. नवरा-बायको दोघांनाही औषध सुरू झालं. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस ते पुरं करायचं, टॉवेल वेगळे ठेवायचे, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात किंवा पावसाळ्यात इस्त्री करून पूर्ण सुकवायचे, आणि नायटा जाईपर्यंत ट्रिमरसुद्धा थांबवायचा. त्याच भेटीत डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या चाचणीचंही बोलून घेतलं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या बायकांची दर पाच वर्षांनी ही तपासणी करतात, आणि या बाईंची ती एकदाही झालेली नव्हती. संसर्ग बरा झाल्यावरची तारीख त्यांनी तिथेच घेतली.